पुण्यात पोकेमॉन सोडले तर जगेल कोण? चारिझार्ड पहिल्याच वर्षी बाद, मग जिंकतं कोण?

समजा, एक दिवस सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला गेलेल्या लोकांना झाडाखाली पिकाचू दिसला. सिंहगड रस्त्यावर स्नोरलॅक्स आडवा पडलाय, मुठेच्या पात्रात मॅजिकार्प उड्या मारतायत आणि सासवडच्या माळावरून चोकोबोंचा कळप पळतोय. पहिला आठवडा रील्समध्ये जाईल. पण त्यानंतर काय? पाच वर्षांनी यातलं कोण जिवंत असेल?

सोशल मीडियावर 'सगळ्यात पॉवरफुल पोकेमॉन कोण' यावर रोज भांडणं होतात. पण लढाई जिंकणं वेगळं आणि रानात टिकणं वेगळं. लढाई दोन मिनिटांत संपते. टिकायचं तर उन्हाळा, पावसाळा, उपासमार, रोगराई, भटकी कुत्री आणि माणूस या सगळ्यांतून दरवर्षी निघावं लागतं, आणि मागे पिल्लंही ठेवावी लागतात.

म्हणून ही स्पर्धा पुण्यात लावून बघू. इथे टेकड्या आहेत, नदी आहे, पूर्वेला कोरडी माळरानं आहेत आणि पश्चिमेला सह्याद्री. चार तऱ्हेचे अधिवास, तेही तासा-दोन तासांच्या अंतरावर.

नियम काय?

जीवशास्त्रात एखादी प्रजाती टिकेल का, हे बघताना साधारण चार प्रश्न विचारले जातात.

१. खायला काय लागतं? जे मिळेल ते चालतं की एकच गोष्ट हवी?

२. पिल्लं किती आणि किती लवकर होतात?

३. हवामान आणि पाणी बदललं तर सोसतं का?

४. माणसाशी संबंध कसा? माणूस त्याला खातो, विकतो, घाबरतो की दुर्लक्ष करतो?

ताकद, वेग, आग, वीज यांचा वेगळा प्रश्नच नाही. या गोष्टी वरच्या चारपैकी कशात उपयोगी पडल्या तरच त्यांना मार्क.

प्रत्येक प्राण्याची माहिती त्या त्या गेममधूनच घेऊ. पोकेमॉनसाठी पोकेडेक्स आहेच. पोकेडेक्स म्हणजे गेममधला पोकेमॉनचा ज्ञानकोश. १९९६ साली जपानमध्ये पहिला पोकेमॉन गेम आला तेव्हा त्यात १५१ प्रजाती होत्या, आज हा आकडा हजाराच्या पुढे गेलाय.

आणखी एक गोष्ट. गेममध्ये पोकेमॉन 'इव्हॉल्व्ह' होतो, पण ती उत्क्रांती नाही. एकाच प्राण्याचं आयुष्यात रूप बदलणं म्हणजे रूपांतर. सुरवंटाचं फुलपाखरू होतं तसं. उत्क्रांती व्हायला कैक पिढ्या जाव्या लागतात.

चारिझार्ड: उन्हाळ्यातच खेळ खल्लास

सुरुवात सगळ्यांच्या लाडक्यापासून. चारिझार्ड लहानपणी चारमँडर असतो. पोकेडेक्स सांगतो की त्याच्या शेपटीवरची ज्योत विझली तर तो मरतो. पावसात त्या ज्योतीतून वाफा निघतात. म्हणजे साध्या सरीत तो तग धरेलही. पण पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ताम्हिणीच्या बाजूला गेलात तर हा आकडा हजारांत जातो. चार महिने भिजत काढायचे आणि ज्योत जपायची, यातच सगळी ताकद जाणार.

पण त्याचा खरा घात पावसाआधीच होईल. फेब्रुवारी ते मे या काळात पुण्याच्या टेकड्यांवरचं गवत वाळून कोळ होतं. एक पेटती काडी पडली तरी वणवा लागतो, आणि असे वणवे दरवर्षी लागतातच. आता शेपटीला कायमची आग असलेली पिल्लं त्या गवतात पळतायत अशी कल्पना करा. वणव्यात चारमँडर स्वतः कदाचित वाचेल. पण त्याचं भक्ष्य, म्हणजे ससे, सरडे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, हे सगळं जळून जाईल. स्वतःचं घर स्वतःच जाळणारा प्राणी फार दिवस टिकत नाही.

उडण्याचंही बघा. चारिझार्डचं वजन ९० किलो. आज जगात उडणारे सर्वांत जड पक्षी २० किलोच्या आसपास थांबतात. त्यापुढे वजन गेलं की उडायला लागणारी ऊर्जा परवडत नाही.

निकाल: बाद.

स्नोरलॅक्स: रोज ४०० किलो आणणार कुठून?

स्नोरलॅक्सकडे एक जबरदस्त गुण आहे. बुरशी आलेलं, सडकं, विषारी काहीही त्याच्या पोटात पचतं. पहिल्या प्रश्नाला पूर्ण मार्क द्यावेत असं वाटतं. पण त्याचा रोजचा खुराक ४०० किलो आहे. हत्तीसारखा हत्ती दिवसाला साधारण दीडशे किलो खातो आणि त्यासाठीही दिवसाचे कितीतरी तास चालत-चरत असतो. स्नोरलॅक्स खातो आणि झोपतो. एक जागा फस्त झाली की पुढे जायची त्याची तयारी नाही.

आणि एवढा मोठा प्राणी शहरात आला की काय होतं, हे पुण्याने पाहिलंय. ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडच्या महात्मा सोसायटी परिसरात एक गवा आला. बघ्यांची गर्दी जमली, पाठलाग झाला, गवा सैरावैरा धावला. बेशुद्धीचं इंजेक्शन देऊन त्याला पकडलं, पण तो वाचला नाही. त्यानंतर काही दिवसांतच बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. तेव्हा गर्दी आवरली गेली आणि तो जंगलाच्या दिशेने परतला. दोन्ही वेळी प्राणी तोच होता, फरक पडला तो माणसांच्या वागण्याने. रस्त्यात झोपणाऱ्या स्नोरलॅक्सला हा फरक पडायची वाट बघत बसावं लागेल.

निकाल: बाद.

वाघ गेला, बिबट्या राहिला

हा प्रकार फक्त गेममधल्या प्राण्यांचा नाही. पुणे जिल्ह्यातच बघा. वाघ बिबट्यापेक्षा कितीतरी मोठा आणि ताकदवान. पण आज जिल्ह्यात वाघाचा मुक्काम नाही. त्याला मोठं, सलग जंगल लागतं आणि पोटाला सांबर, रानडुक्कर असं मोठं भक्ष्य लागतं.

बिबट्याचं तसं नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात तो उसाच्या फडात राहतो, तिथेच पिल्लं घालतो. कुत्री, शेळ्या, डुकरं, काहीही चालतं. याच भागात माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावं लागतं. त्याच्या टिकण्याची किंमत गावकरी मोजतात, शेतात पाणी द्यायला रात्री जाताना जीव मुठीत धरावा लागतो. म्हणजे एखादा प्राणी टिकला ही गोष्ट सगळ्यांसाठी आनंदाचीच असते असं नाही. हा मुद्दा शेवटी पुन्हा लागणार आहे.

चोकोबो: माळाचा पक्षी, माळच राहिला नाही

फायनल फँटसी खेळलेल्यांना चोकोबो माहीत असेल. १९८८ पासून या गेममध्ये असलेला, माणसाला पाठीवर घेऊन पळणारा, शहामृगासारखा मोठा पिवळा पक्षी. पुणे जिल्ह्यात त्याला जागा शोधायची तर सासवड, बारामती, इंदापूरकडची माळरानं. तिथे आजही लांडगे, खोकड, तरस आणि चिंकारा आहेत. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठीच ओळखलं जातं, पण त्याचं क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर आहे.

माळावर राहणाऱ्या मोठ्या पक्ष्याचं काय होतं, याचं उत्तर महाराष्ट्राकडे आहे. ते म्हणजे माळढोक. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य झालं. पण माळढोक जमिनीवर घरटं करतो आणि बहुतेक वेळा एकच अंडं घालतो. ते कुत्र्याने खाल्लं किंवा गुरांच्या पायाखाली गेलं की वर्ष वाया. त्यात माळ नांगरले गेले, वर विजेच्या तारा आल्या. आज महाराष्ट्रातून हा पक्षी जवळपास दिसेनासा झालाय. जगभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात.

चोकोबो उडत नाही, त्यामुळे तारांपासून वाचेल. पण घरटं जमिनीवर आणि घर माळावर म्हटल्यावर बाकीची संकटं तीच. सरकारी नोंदींत माळरानाची गणना कित्येक ठिकाणी 'पडीक जमीन' अशी होते. पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक. हा पक्षी जगेल तो बहुधा माणसाने पाळला म्हणून. शर्यतींसाठी, लग्नाच्या वरातीसाठी. पण मग तो रानातला राहत नाही.

निकाल: पाळीव म्हणून पास, रानात नापास.

फारफेच्ड आणि क्रीपर: दोन ओळींत

फारफेच्ड हा बदकासारखा पोकेमॉन कायम हातात पातीच्या कांद्यासारखी एक काडी घेऊन फिरतो आणि तिच्याशिवाय जगू शकत नाही. एकाच वनस्पतीवर जीव असलेला प्राणी ती वनस्पती संपली की संपतो. गेममध्येही तो दुर्मीळच आहे.

माइनक्राफ्टमधला क्रीपर तर शत्रूजवळ जाऊन स्वतःच फुटतो. खऱ्या जगात काही मुंग्या असं करतात, पण त्यांच्या मागे हजारो बहिणींचं वारूळ असतं, एकीच्या मरणाने बाकीच्या वाचतात. क्रीपर एकटाच. शिवाय तो मांजरांना घाबरतो. पुण्याच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याची काय अवस्था होईल ते सांगायला नको.

निकाल: दोघेही बाद.

पिकाचू: रानात पास, बाजारात नापास

पिकाचूची तयारी चांगली आहे. उंची ४० सेंटिमीटर, वजन ६ किलो, गटाने राहतो, फळं खातो. पुण्याच्या आसपास करवंद, बोर, उंबर, जांभूळ यांची कमी नाही. जवळ आलेल्या कुत्र्याला झटका बसला की ते पुन्हा येणार नाही. खूप पिकाचू एका जागी जमले तर विजेचं वादळ होऊ शकतं असं पोकेडेक्स म्हणतो, त्यामुळे महावितरणचं काम तेवढं वाढेल.

मग अडचण काय? त्याचा चेहरा. गोंडस प्राण्याला घरी न्यायची माणसाला घाई असते. पोपट पकडणं आणि विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तरी पिंजऱ्यातले पोपट जागोजागी दिसतात. पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेलं भारतीय तारा कासवही असंच चोरट्या व्यापारात सापडलंय. पिकाचूला तर जाहिरातीचीही गरज नाही.

निकाल: काठावर पास.

अंतिम फेरी: तिघेही नावडते

आता उरले ते तीन, ज्यांना कोणी आपल्या टीममध्ये आनंदाने घेत नाही.

रटाटा. हा उंदीर. काहीही कुरतडतो, आणि एक दिसला तर आसपास चाळीस असतात असं पोकेडेक्सच सांगतो. चारही प्रश्नांत चांगले मार्क. पण पुण्यात त्याची जागा आधीच भरलेली आहे. घुशी आहेत, उंदीर आहेत, आणि त्यांना खाणारे घुबड, धामण, मांजर, मुंगूसही आहेत. टिकेल, पण पहिल्या दिवसापासून स्पर्धा करावी लागेल.

रटाटाची एक गोष्ट मात्र माहीत असायला हवी. अलोला या गेममधल्या बेटांवर रटाटा वाढले म्हणून त्यांना आवरायला यंगूस नावाचे पोकेमॉन बाहेरून आणले. यंगूस दिवसा फिरणारे, म्हणून रटाटा रात्री फिरायला लागले. ही कथा हवाई बेटांवर खरोखर घडली आहे. तिथे १८८३ मध्ये उसातल्या उंदरांचा बंदोबस्त करायला मुंगूस सोडले. उंदीर रात्रीचे आणि मुंगूस दिवसाचे, त्यामुळे गाठ फारशी पडलीच नाही. मुंगसांनी पक्ष्यांची अंडी मात्र खाल्ली. हे मुंगूस मूळचे भारतातले. कोलकात्याहून आधी जमैकाला आणि तिथून त्यांचे वंशज हवाईला गेले होते.

ग्रायमर. गाळाचा जिवंत गोळा, घाणीवरच जगणारा. मुळा-मुठेत त्याच्यासाठी रोज जेवणावळ असते, कारण शहराचं सांडपाणी पूर्ण शुद्ध न होता नदीत येतं. पण तो फारफेच्डसारखाच एका गोष्टीवर अवलंबून आहे. नदी स्वच्छ करण्यासाठी जपानच्या 'जायका' संस्थेच्या मदतीची, सुमारे ९९० कोटींची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. त्यात ११ नवी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं आहेत. ती सगळी नीट चालली की ग्रायमर उपाशी. त्याचं भविष्य सरकारी कामाच्या वेगावर ठरणार.

मॅजिकार्प. आणि हाच विजेता.

जगातला सगळ्यात दुबळा पोकेमॉन का जिंकतो?

मॅजिकार्प हा लाल मासा. लढाईत त्याला फक्त उड्या मारता येतात. पोकेडेक्समध्ये त्याची यथेच्छ टिंगल आहे. पण त्याच पोकेडेक्समध्ये विखुरलेल्या चार गोष्टी एकत्र करून बघा.

पहिली, घाण पाण्याचं त्याला काही वाटत नाही, तो कुठल्याही पाण्यात जगतो. दुसरी, त्याची वीण प्रचंड आहे, आणि गेममध्ये सर्वांत लवकर फुटणाऱ्या अंड्यांत त्याची अंडी येतात. तिसरी, माणसाला तो नकोसा आहे. ॲनिमे मालिकेत त्याला खायचा प्रयत्न झाला तर हाताला नुसती खवलं आणि हाडं लागली.

चौथी गोष्ट वरवर दोष वाटते. त्याला प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही, पाणी नेईल तिकडे तो जातो. पण पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुटला की मुठेतला मॅजिकार्प वाहत मुळा-मुठेत जाईल, तिथून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात. एका पावसाळ्यात शंभर किलोमीटरहून लांब फुकट प्रवास आणि पुढे राहायला प्रचंड जलाशय. ज्याला आपण दुबळेपणा म्हणतो, तोच त्याचा पसरण्याचा मार्ग.

भिगवणच्या बगळ्यांनी कितीही खाल्ले तरी फरक पडणार नाही. हजारांतून एखादा मोठा होऊन ग्याराडोस झाला, म्हणजे साडेसहा मीटरचा अक्राळविक्राळ शिकारी, तर त्याला खाणारंही कोणी उरणार नाही. अर्थात ग्याराडोस मोजकेच होतील, कारण एवढ्या मोठ्या तोंडांना पुरेल इतकं अन्न नदीत नाही.

हा मॅजिकार्प उजनीत आधीच आलाय

विनोद इथे संपतो. कारण असा मासा उजनीत खरोखर आहे. स्थानिक लोक त्याला चिलापी म्हणतात, पुस्तकी नाव तिलापिया. मूळचा आफ्रिकेचा. १९५२ मध्ये तो भारतात आणला, स्वस्त प्रथिनं मिळावीत म्हणून. हेतू चांगलाच होता. चिलापी शेवाळापासून किड्यांपर्यंत काहीही खातो, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात जगतो, आणि याच्या बऱ्याच जातींत मादी अंडी-पिल्लं तोंडात धरून सांभाळते, म्हणून पिल्लं जास्त वाचतात. आज उजनीतल्या जाळ्यांत चिलापी मोठ्या प्रमाणात येतो आणि कित्येक मच्छीमार कुटुंबांचं पोट त्यावर चालतं. मॅजिकार्पपेक्षा एवढाच फरक की तो खाता येतो.

आता दुसरा मासा बघा. १८३९ मध्ये कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. त्यात एक महाशीर होता, ज्याचं शास्त्रीय नाव आज 'टोर खुद्री' आहे. विज्ञानाला हा मासा कळला तो पुण्याच्या मुळा-मुठेतून. महाशीराला स्वच्छ, वाहतं, भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. ज्या नदीमुळे त्याची जगाला ओळख झाली, तिचा शहरातला पट्टा आज त्याला जगू देईल असा नाही. त्याच्या पैदाशीसाठी लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरचं केंद्र कित्येक दशकांपासून काम करतंय.

पण म्हणून महाशीर 'चांगला' आणि चिलापी 'वाईट' असंही नाही. लोणावळ्यात वाढवलेली महाशीराची पिल्लं दक्षिणेत कावेरीत सोडली गेली. तिथे ती इतकी फोफावली की कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर मागे पडत गेला, आणि २०१८ मध्ये त्याची नोंद अतिधोक्यात असलेल्या प्रजातींत झाली. इथे जो बिचारा, तोच तिथे घुसखोर. मासा तोच, फक्त नदी बदलली.

मग 'सर्वांत जास्त टिकणारा' म्हणजे कोण?

या सगळ्यातून उत्तर असं निघतं की कोण जगेल हे प्राण्यापेक्षा जागा जास्त ठरवते. नदीत सांडपाणी सोडलं की ती चिलापीला, जलपर्णीला आणि मॅजिकार्पला निवडते. टेकडीवर दरवर्षी वणवा लागला की ती वणव्यातून पुन्हा फुटणाऱ्या मोजक्या झाडांना निवडते. माळाला पडीक म्हटलं की माळढोक आणि चोकोबो दोघेही बाद होतात.

आणि हे पोकेमॉनच्या जन्मकथेतही आहे. या गेमचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदामध्ये किडे गोळा करायचे. त्यांच्या डोळ्यांसमोर ती शेतं, ती तळी गेली आणि तिथे इमारती आल्या. किडे शोधण्यातली मजा शहरातल्या मुलांनाही मिळावी, या ओढीतून पोकेमॉन जन्माला आला.

त्या खेळात हजाराहून जास्त प्रजाती आहेत आणि प्रत्येकीला वेगळं गवत, वेगळं पाणी, वेगळी गुहा लागते. म्हणून तर तो खेळावासा वाटतो. प्रत्येक तळ्यात फक्त मॅजिकार्पच मिळाला असता, तर पहिल्या दिवशीच कोणीही गेम बंद केला असता.